सुकं टाकायचं, शहाळं उतरवायचं

सोम. ३ फेब्रु.
आज पण सकाळी साडेसहाला तन्वीबरोबर शेजारच्या वाडीत. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही कशाला गारठ्यात? मी म्हटलं, नात अकरावीत गेली तरी पोरीची जात, एकटी कशी सोडू. खरं म्हणजे मलाच बघायचं असतं.

काचेचा मोठा पिंजरा, त्यात चार पोरी, दोन इकडे दोन तिकडे, मधे जाळी. हातात भोकं पाडलेल्या बॅटी. पॅडल म्हणतात. चेंडू एकदा जमिनीवर पडून मग मागच्या काचेला लागला तरी मेला धरत नाहीत, परत मारता येतो. वाडीचे मालक मुंबईचे, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या त्यात हे पण बांधलं. मधल्या वारी सकाळी गावातल्या मुलींना खेळू देतात. निनाद सर शिकवतात, पोरगेलेसेच आहेत, चहात साखर तीन चमचे.

तन्वी उंचीला आजोबांवर गेली. डोक्यावरून चेंडू आला की उडी मारून असा हाणते की काच थरथरते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. तिच्या जोडीला सुमैया, आमच्या हमीदाची नात. बुटकी, डावखुरी. ती हाणत नाही. वरून आलेला चेंडू हळूच कोपऱ्यात ठेवून देते. मला आपलं वाटतं, पोर भित्री आहे.

२३ तारखेला रविवारी इथेच सामने. पनवेल, अलिबागहून जोड्या येणार. तन्वीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केलाय, दुसऱ्या दिवशीच्या माझ्या एकादशीवरही गेलेला. पुसला जाईना.

मंगळ. ४ फेब्रु. रथसप्तमी
सर तन्वीवर चिडले. म्हणाले, "वरून आलेला प्रत्येक चेंडू फोडायचा नसतो."

दोन तऱ्हा आहेत म्हणे. एक स्मॅश, म्हणजे हिचं हाणणं. दुसरी बांदेहा. परदेशी शब्द, अर्थ तबक. हातात भरलं तबक घेऊन चालल्यासारखी बॅट धरायची आणि चेंडू खरवडून हळू सोडायचा, म्हणजे तो काचेशी जाऊन खाली बसतो आणि समोरच्याला वाकावं लागतं. जाळीजवळ असलीस आणि चेंडू तोकडा आला तर हाण. मागे असलीस तर तबक. मागून हाणलास तर चेंडू काचेवर आपटून उसळतो आणि त्यांच्या हातात आयता जातो, तोपर्यंत तुझे पाय हवेत. तिसरा एक मार आहे, विबोरा, म्हणजे साप. सर म्हणाले त्याचं आत्ता नाव काढू नका.

माझ्या लक्षात सगळं आलं. कसं लिहिलं बघ, चौथी पास.

आज हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. पाच बायका यायच्या होत्या, त्याआधी तन्वीच्या हातात खरंच तबक दिलं आणि अंगणात मागे मागे चालवलं. कुंकू सांडलं. सूनबाई बोलली नाही पण बघितलंन.

शुक्र. ७ फेब्रु.
गुडघा दुखतो. तरी गेले. तबक अजून जमत नाही, मधेच हात शिवशिवतो आणि हाणते. हेही असेच होते, ठोकायला घेतलेला खिळा वाकेपर्यंत ठोकायचे.

रवि. ९ फेब्रु.
अलिबागच्या मुली सरावाला आल्या होत्या. पनवेलचे कोणी सर पण बघायला आले, काळा चष्मा, बोलले कोणाशी नाहीत.

मी ठरवून गेले होते. कमरेच्या पिशवीत रोठा सुपाऱ्या भरून नेल्या. नारळ मोजतो तसं मोजायचं. तन्वीने हाणलं की एक सुपारी मांडीवर. गुण मिळाला तर उजवीकडे, चेंडू परत आला तर डावीकडे. सुमैयाला दुसऱ्या रुमालावर घेतलं.

तन्वीने एकतीस वेळा हाणलं. त्यात चौदा गुण. सुमैयाचे दोन.

चौदा आणि दोन. मी तिथेच बाकावर बसून हसत होते. अलिबागच्या एका मुलीची आई म्हणाली, आजी, सुपारी खाता काय एवढी? म्हटलं, खात नाही बाई, पेरते.

जिंकलो आपण. घरी येऊन आंबोळ्या.

सोम. १० फेब्रु.
जेवताना तन्वीला आकडे सांगितले. तिने डोळे मोठे केले. "आजी, खरंच मोजलंस?" म्हटलं, पन्नास वर्षं वाडीत नारळ मोजले, चूक नाही व्हायची. तिने लगेच फोनवर त्यांच्या त्या ग्रुपात टाकलं. तन्वी १४, सुमैया २. खाली माझा फोटो, सुपाऱ्यांसकट.

मंगळ. ११ फेब्रु.
सुमैया आली नाही. ताप असेल. हवा बदलतेय.

बुध. १२ फेब्रु.
आज पण नाही. तन्वी एकटीच काचेवर चेंडू मारत बसली. परत येताना वाटेत म्हणाली, "आजी, तिला ताप नाहीये."

मग फोन दाखवला. सुमैयाने लिहिलंय, "तुझ्या आजीने मोजलंय ना, मग तिलाच घे जोडीला."

मी आधी हसले. हातात बॅट घेऊन मी, नऊवारी खोचलेली. मग पोरीचं तोंड बघितलं. पनवेलच्या त्या काळ्या चष्म्याने रविवारी रात्रीच सुमैयाच्या घरी फोन केलाय. २३ नंतर आमच्या मुलीबरोबर खेळ म्हणून. त्यावर सोमवारी आमचा हा ग्रुपातला प्रताप. ती जाईल काय, मी विचारलं. तन्वी म्हणाली, "जाईल. मी असते तर गेले असते."

चौथीपासून दोघी एकत्र. एकीला कांजण्या आल्या तर दुसरी खिडकीशी उभी राहायची.

गुरु. १३ फेब्रु.
काही नाही. भाजीत मीठ दोनदा.

शुक्र. १४ फेब्रु.
गजा नारळ काढायला आला. बाप यायचा तेव्हापासून ओळखते याला. आता पन्नाशीचा झाला तरी माकडासारखा सरसर. मी नेहमीसारखी खाली स्टुलावर. तो वरून टाकतो, मी मोजते. दोन हातांत दोन, जोडी जोडीने, शंभर झाले की एक नारळ खुणेला बाजूला.

सुके नारळ तो टाकतो. शहाळी टाकत नाही, फुटतात. ती पेंड, म्हणजे अख्खा घड, दोरीला बांधून सावकाश खाली उतरवतो. मग मी ती उचलून विहिरीशी सावलीत ठेवते. असंच चालत आलं आहे, सासूबाईंच्या वेळेपासून.

संपल्यावर गजा म्हणाला, "किती झाले काकी?"
"दोनशे बारा."
"आणि शहाळी?"
"शहाळी कधी मोजतो काय आपण? पडलेलं मोजायचं."
"व्हय," म्हणाला आणि पाणी प्यायला.

तो गेला आणि मी तशीच बसले. पडलेलं मोजायचं. रविवारी पण मी तेच केलं की. जे धाडकन पडलं ते मोजलं. जे दोरीनं उतरलं ते मोजणीत धरायची सवयच नाही मला.

शनि. १५ फेब्रु.
सरांना गाठलं. त्यांच्या फोनमध्ये रविवारचा सगळा खेळ आहे. म्हटलं, मला परत दाखवा. म्हणाले, आजी, दीड तास आहे. म्हटलं, मला कुठे ऑफिसला जायचंय.

पुन्हा सुपाऱ्या काढल्या. आता दोन्ही मोजायचं. लिहायला सोपं म्हणून सु. म्हणजे सुकं, हाणलेलं. श. म्हणजे शहाळं, तबकातलं.

तन्वी सु. ३१. गुण १४. हे बरोबरच होतं. पण १७ परत आले, ते मी रविवारी मांडीच्या डाव्या बाजूला ठेवले आणि विसरले. नातीचं डावीकडचं कोण बघतं.

आणि त्या १४ गुणांच्या आधी काय झालं ते बघितलं. ११ वेळा सुमैयाचं श. होतं. कधी एक, कधी लागोपाठ तीन. ती ठेवते कोपऱ्यात, समोरच्या मुली वाकतात, मागे जातात, धापा टाकतात, आणि कसाबसा चेंडू वर काढतात. तोकडा. जाळीजवळ. तिथे आमची तन्वी उभीच, उडी मारून हाणायला.

सर म्हणाले, "हे मला मुलींना सांगायचं होतं. तुम्ही सुपारीनं सांगितलंत." मी म्हटलं, मी उलटं सांगितलं, म्हणून तर हे झालं. त्यांनी चहा पाजला, माझ्यातही तीन चमचे साखर.

तन्वीला घरी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. भिंतीकडे बघत म्हणाली, "मला माहीत होतं थोडं." बस, एवढंच.  चौदाचा आकडा तिला इतका गोड लागला होता, तो मीच भरवला होता.

रवि. १६ फेब्रु.
हमीदाकडे गेले. चार शहाळी पिशवीत. बंदराकडच्या मोहल्ल्यात, मशिदीमागचं तिसरं घर. कोलंबीचे सोडे उन्हात पसरलेले, हमीदा काठी घेऊन कावळे हाकत बसलेली. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर. नंतर तिला पण काढलं शाळेतून, मला पण.

"अगे वच्छे, वाट चुकलीस काय?"
म्हटलं, "चुकले होते. आता बरोबर आले."
"शहाळी कशाला? आमच्याकडे काय नारळ न्हाय?"
"तुमच्याकडे आहेत. मोजलेली नाहीत."
"काय बोलते ही," म्हणाली, पण पाट पुढे सरकवलान.

मग सगळं सांगितलं. हमीदाला पॅडलमधलं काही कळत नाही, तिला वाटतं पोरी काचेच्या घरात उड्या मारतात. पण मोजणीतलं कळतं. कोलंबी सोलताना एक बाई धुते, एक डोकं काढते, आणि ढिगाशी उभी असते तिचंच नाव होतं, हे तिनेच मला सांगितलं. आणि दाराच्या आत सुमैया उभी होती, पडद्याखालून पाय दिसत होते. मी मुद्दाम आवाज चढवून बोलले. अकरा म्हणताना तर शेजारी पण ऐकू गेलं असेल.

शेवटी ती बाहेर आली. मी म्हटलं, "सुमैया, मी वरवरचं मोजलं गं. चूक माझी."
"तुम्ही मोजलं, आजी. टाकलं तन्वीने."
 बरोबरच बोलली पोर.
"तेवीसला येशील?"
"नाव दिलंय म्हणून येईन."
"आणि पनवेलवाल्यांना?"
ती वळून आत गेली. हमीदा म्हणाली, "माझी नात हाय, रागात पण सरबत विचारणार." आणि खरंच, ती सरबताचा पेला घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर ठेवलान, माझ्याकडे बघितलं नाही. कोकम होतं.

मंगळ. १८ फेब्रु.
गजा उरलेल्या सहा माडांना आला. तन्वी कॉलेजला न जाता खाली उभी राहिली. सूनबाईला मी सांगितलं, अभ्यासच आहे.

तन्वीने त्याला विचारलं, "गजाकाका, वर गेल्यावर कसं ठरवता, टाकायचा की उतरवायचा?"
तो कोयता पुसत म्हणाला, "वर गेल्यावर ठरवशील तर पडशील. चढतानाच बघायचं. खालून रंग दिसतो. वर फकस्त टिचकी मारायची, खात्री करायला."
"आणि खाली कोणी असलं तर?"
"ते मला वरून न्हाय दिसत. ते खालच्यानं सांगायचं. तुझी आजी सांगते. ती गप बसली की मी पण हात राखतो."

मग म्हणाला, साडेदहानंतर चढत न्हाय, खारा वारा सुटतो, माडाचे झाप अंगावर येतात. तन्वी माझ्याकडे बघून म्हणाली, "सामने तर दुपारीच आहेत." पोरीला वाऱ्याचं सुचलं, मला नाही सुचलं.

गुरु. २० फेब्रु.
सुमैया आली. दोघी खेळल्या. बोलणं दोनच शब्दांचं. "माझा." "तुझा." बाकी बाटलीतलं पाणी पण वेगवेगळं.

आमची आता सगळंच उतरवते. जाळीला नाक लागेल एवढी पुढे असते, चेंडू डोक्यावर आयता, तरी तबक. सर कपाळावर हात मारतात. "अगं, तिथे मार. ते मारायचंच आहे." ती मान डोलावते आणि परत तबक. एका टोकाची होती, दुसऱ्या टोकाला गेली. घाबरलीये पोर. हाणलं आणि गुण मिळाला तर परत कोणी मोजेल म्हणून.

सुपाऱ्या मी घरीच ठेवल्या.

रवि. २३ फेब्रु. दुपार, बाकावर
पहिला सामना जिंकलो, दुपारी एकचा. अलिबागच्याच मुली. दोघींनी मिळून छान. आता चार वाजता पनवेलवाल्यांशी. काळा चष्मा समोरच बसलाय. हमीदा माझ्या शेजारी, बुरख्याच्या खिशात खारे शेंगदाणे. विचारते, कोण जिंकतंय? मी सांगते, आत्ता कोणी नाही, ते पाणी पितायत.

वारा समुद्राकडून. उंच चेंडू माघारी फिरतोय. आपल्या मुली वाऱ्याच्या तोंडाशी.

सोम. २४ फेब्रु.
काल पुढचं लिहायला जमलं नाही. 

पहिला डाव त्यांचा, दुसरा आमचा. दुसऱ्यात सुमैयाने शहाळ्यावर शहाळं उतरवलं, त्या मुलींचे गुडघे लाल झाले. तन्वी पण उतरवत होती. हमीदाला मी सांगत होते, बघ, ते तुझ्या नातीचं. ती म्हणाली, मला सगळी सारखीच दिसतात. शेजारची बाई हसली.

तिसरा डाव. साडेपाचला वारा पडला. एकदम. झाप हलेना. त्या चार पोरींमध्ये कोणाला जाणवलं नसेल, पण मला मानेवर लगेच कळलं. ते पाचावर, आपण चारावर, आणि हा गुण गेला तर सगळंच जाणार होतं. सुमैयाने कोपऱ्यात एक ठेवला. मग दुसरा. त्यांच्या उंच पोरीने वाकून चेंडू वर काढला, तोकडा, लोण्यासारखा, तन्वीच्या बरोब्बर डोक्यावर. जाळीजवळ. वारा नाही. लहान मुलाने पण हाणला असता. मी बाकावरून उठले.

तन्वीने तबक केलं.

हळूच ठेवला. ती मुलगी पुढे आलीच होती, तिने तो दोघींच्या मधून काढला. संपलं.

 तन्वी तिथेच उभी, बॅट तबकासारखीच धरलेली. सुमैया मागे होती. हळूहळू चालत पुढे आली. मला वाटलं आता बोलणार, आणि बोलायला हवंच होतं तिने. तर ती हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग खाली बसूनच.

"अगे, तो तरी मारायचा."
"मला वाटलं..."
"काय वाटलं? आजी मोजेल?"

मग तन्वी पण हसली, आणि हसता हसता रडली. हमीदा विचारते, जिंकलो काय? मी म्हटलं, नाही. म्हणाली, मग या हसतात कशाला.

निघताना सुमैया माझ्याजवळ आली. घामाने ओली. म्हणाली, "आजी, तिचं चुकलं पण माझं पण. मी मागे होते, मला सगळं दिसत होतं. मी हाक मारायला पाहिजे होती."
म्हटलं, "गजा पण असंच म्हणतो."
"कोण गजा?"
सांगितलं. तिने नीट ऐकलं, मान हलवली. तोवर काळा चष्मा आला, हमीदाशी अदबीने बोलला, मार्चपासून दर शनिवारी गाडी पाठवतो म्हणाला. हमीदा म्हणाली, पोरीला विचारा. पोर म्हणाली, दोन दिवसांत सांगते.

येताना दोघी सायकलींवरून पुढे, मी आणि हमीदा मागून पायी. काय बोलत होत्या ऐकू आलं नाही. आमच्या दारात सगळ्यांना पन्हं दिलं, कैरी अजून लहानच आहे पण होतं तसं. सुमैया दोन पेले प्यायली. मग दिवेलागणीला हमीदाला डबलसीट घेऊन गेली. हमीदा माझ्याच वयाची, पण बसली मागे, काय सांगू.

आज सकाळी ओटी झाडताना बघितलं. खुंटीवर, तन्वीच्या बॅटीशेजारी, सुमैयाची बॅट. डाव्या हाताची पट्टी गुंडाळलेली, नीट अडकवलेली. विसरली म्हणावं तर खुंटी उंच आहे, तिला टाचा वर करून अडकवावी लागली असेल.

तन्वीला हाक मारणार होते. मारली नाही. उतरवली पण नाही. झाडून झालं, दोन्ही बॅटींखाली रांगोळी काढली.